बोलणारी कार्डं: विकणाऱ्यानेच लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको: मी ही कार्डं विकतो. कराडात माझं स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. वह्या, पेनं, झेरॉक्स, श्रावणात राख्या, मे महिन्यात बॅट-बॉल. गेली तीनेक वर्षं खेळण्यांच्या रॅकमधून सगळ्यात जास्त काय उचललं जात असेल तर ही बोलणारी कार्डं. आणि माझ्या घरात दोन वर्षांची पोरगी आहे. तिच्यासाठी त्यातलाच एक खोका मी घरी नेला, तेव्हा गिऱ्हाईकही मीच झालो. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण हा माल आठ-दहा नावांनी येतो. खोक्याचा रंग बदलतो, आतलं यंत्र तेच असतं.

वस्तू अशी आहे. तळहातापेक्षा थोडं मोठं प्लॅस्टिकचं यंत्र, वर मांजराचे नाहीतर अस्वलाचे कान, मध्ये एक खाच. सोबत पत्त्यांसारखी ११२ कार्डं, दोन्ही बाजूंना चित्रं, म्हणजे झाली २२४. कार्ड खाचेत सरकवलं की यंत्र त्या चित्राचं इंग्रजी नाव घेतं आणि मागोमाग आवाज काढतं. गाय हंबरते, रेल्वे शिट्टी मारते. एक बटण आवाज कमी-जास्त करायला, एक पुन्हा ऐकायला. मोबाईलसारखंच चार्जिंग. खोक्यावर किंमत ९९९ छापलेली असते, मी ३८० ला देतो, ऑनलाइन वीस-पन्नास रुपये इकडे-तिकडे. खोक्यावर दोन वाक्यं ठळक असतात: एक शब्दसंपत्ती वाढवण्याचं आणि दुसरं, स्क्रीनशिवाय शिक्षण. लोक पैसे देतात ते दुसऱ्या वाक्यासाठी. काउंटरवर आई उभी असते, कडेवरचं पोरगं तिच्या मोबाईलवर गाणी बघत असतं, आणि ती दबक्या आवाजात विचारते, "दादा, याने बोलायला लागतं का हो?"

"लागतं की," मी म्हणायचो.

आता घरचं. ओवी बावीस महिन्यांची असताना तिला डोस द्यायला नेलं होतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, शब्द किती बोलते? मी म्हटलं, खूप बोलते. ते म्हणाले, लिहून द्या. मी आणि बायको बाकावर बसून औषधाच्या चिठ्ठीमागे लिहायला लागलो. आई, बाबा, आजी, माऊ, भू, मम, दे, नाय, काऊ. नऊ. "टाटा" धरायचं की नाही यावर आमचं थोडं वाजलं, धरलं असतं तरी दहाच. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडी यायला लागलेली असावी, असा साधारण अंदाज असतो म्हणे.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही. पहिल्यांदा कान तपासायला पाठवलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी बरेच जण कार्डं आधी घेतात आणि कान तपासायचा विचार त्यांच्या मनातही आलेला नसतो. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याच्यापुढे ११२ कार्डं ठेवून काय उपयोग? ओवीचे कान चांगले निघाले. मग दुसरा प्रश्न: घरात मोबाईल किती वेळ? मी म्हटलं, असेल तासभर. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती बँकेत आहे, हिशोबाला पक्की. सकाळी भरवताना पाऊण तास, दुपारी आजीचा डोळा लागावा म्हणून एक तास, संध्याकाळी मी दुकानातून येईपर्यंत अर्धा, रात्री पुन्हा भरवताना. तीन तासांच्या वर गेलं. शिवाय हॉलमध्ये सातपासून मालिका चालू असतात त्या वेगळ्याच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाचपर्यंत तासाच्या आत, आणि जितकं कमी तितकं बरं.

त्याच संध्याकाळी मी रॅकवरून एक खोका काढून घरी नेला. खोक्यावरच लिहिलेलं होतं ना, स्क्रीनशिवाय.

पहिले आठ दिवस मी खूश होतो. ओवी मोबाईल मागत नव्हती. मांडी घालून बसायची, कार्ड आत, आवाज, कार्ड बाहेर, दुसरं आत. हाताला चांगली सवय झाली, सरळ बाजू कुठली हे तिला कुणी न सांगता कळलं. खेळणं म्हणून याला नावं ठेवणार नाही. आवाज स्पष्ट आहे, रात्री कमी करता येतो, चित्रं मोठी आहेत, कार्डं चावली तरी लगेच फाटत नाहीत.

पण चित्रं कशाची? फळांत अ‍ॅव्होकॅडो आहे, चेरी आहे, पीच आहे. चिकू नाही, सीताफळ नाही, फणस नाही. जनावरांत लॉबस्टर आहे, पेंग्विन आहे, म्हैस नाही. कराडच्या पोराला म्हैस नाही! भाज्यांत ब्रॉकोली आहे, गवार नाही. खाण्यात बर्गर आहे. वाहनांत हेलिकॉप्टर आहे, ट्रॅक्टर आहे, पण आमच्या गल्लीत गळीत हंगामात रोज दिसणारी उसाची बैलगाडी कुठून असणार? उच्चार अमेरिकन बाईचा. टोमॅटो म्हणताना ती जे काही म्हणते ते ऐकून माझी आई म्हणाली, "हिला सर्दी झालीय व्हय?"

आणि मग ते काऊ. ओवीच्या नऊ शब्दांतला एक. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी कावळा येतो, त्याला आजी पोळीचा तुकडा ठेवते, एक घास काऊचा हे रोजचं. तर यंत्रात तिने गायीचं कार्ड घातलं. बाई म्हणाली, "काऊ." मागून हंबरण्याचा आवाज. ओवी थांबली. कार्ड बाहेर काढलं, चित्र बघितलं, पुन्हा घातलं. "काऊ." पुन्हा काढलं. मग यंत्र खाली ठेवून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीकडे बोट करून उभी राहिली. मी सोफ्यावर होतो, मोबाईलवर ऑर्डरी बघत. मला ते दिसलं, हसूही आलं, पण मी उठलो नाही. दोन मिनिटं उभी राहून ती परत येऊन बसली आणि पुढचं कार्ड घातलं.

बावीस महिन्यांच्या पोरीने केवढा मोठा प्रश्न विचारला होता! यंत्राला तो कळणं शक्य नव्हतं. मला कळला होता आणि मी बसून राहिलो.

तीन आठवड्यांत शब्द किती वाढले म्हणाल, तर यंत्रामुळे असा एकही नाही. रेल्वेच्या शिट्टीची नक्कल करायला लागली, ती मात्र हुबेहूब.

आमच्याकडे एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस स्पीच थेरपिस्ट मॅडम येतात, डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवलं. मी सोबत यंत्र घेऊन गेलो होतो, थोडा तोऱ्यात. त्यांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं नाही. म्हणाल्या, रोज खेळता तसं खेळा. मी, ओवी आणि यंत्र जमिनीवर. पाच मिनिटं झाली. मग त्यांनी विचारलं, "या पाच मिनिटांत तुम्ही तिच्याशी काय बोललात?" मी आठवायला लागलो. "हे घाल", "उलटं आहे", आणि "बोल ना, काऊ म्हण, म्हण". बस.

मग त्यांनी टेबलावरची स्टीलची वाटी आणि चमचा घेतला. चमचा वाटीवर आपटला. ओवी म्हणाली, "ठॅ." मॅडम म्हणाल्या, "ठण्ण वाजलं!" आणि गप्प बसल्या. चांगल्या चार-पाच सेकंद. मला ती शांतता सहन होईना, मी मध्ये बोलणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं. ओवीने चमचा मागितला, "दे." "चमचा देऊ? घे चमचा." ओवीने आपटला, "ठॅ." "ओवीने वाजवली वाटी!" असं दहा मिनिटं चाललं. प्रश्न जवळजवळ नव्हतेच, "म्हण" एकदाही नाही. पोरीने आवाज काढला की त्याला धरून एक छोटं वाक्य, आणि मग थांबणं. त्या याला फेरी म्हणतात: एकदा तिची, एकदा तुमची. निघताना ओवी "चच्चा" म्हणाली. नऊचे दहा झाले.

मॅडमनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. आमच्याच धंद्याचा म्हणून मी तो घरी शोधून वाचला. अमेरिकेत नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या अ‍ॅना सोसा यांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. २६ घरं, दहा ते सोळा महिन्यांची पोरं. प्रत्येक घरात तीन प्रकारचा माल दिला: बोलणारी-वाजणारी खेळणी, म्हणजे पोरांचा लॅपटॉप, पोरांचा फोन, बोलणारं शेत, मग साधी खेळणी, लाकडी कोडं, आकार बसवायचा डबा, चित्रांचे ठोकळे, आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. आई-बापांनी पोराबरोबर खेळायचं आणि बोलणं रेकॉर्ड व्हायचं. पुस्तक हातात असताना आई-बाप मिनिटाला सरासरी ६७ च्या आसपास शब्द बोलले, साध्या खेळण्यांबरोबर ५६ च्या आसपास, आणि बोलणाऱ्या खेळण्यांबरोबर ४० च्या आसपास. फेऱ्याही कमी, पोरांचे आवाजही पुस्तकांच्या वेळेपेक्षा कमी. खेळणं बोलायला लागलं की माणसं गप्प होतात, एवढाच त्याचा अर्थ. २६ घरं म्हणजे काही फार नव्हेत, पण मी माझ्या सोफ्यावर सत्ताविसावं घर बघितलं होतं.

इथे व्यापारी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. बोलणाऱ्या खेळण्यावर मला जे मिळतं, त्याच्या निम्मंही पुठ्ठ्याच्या पुस्तकावर मिळत नाही. शिवाय पुस्तक दुकानातच चाळून परत ठेवतात. तेव्हा रॅकवर समोर काय लावायचं हे आम्ही कसं ठरवतो ते ओळखा.

सव्विसाव्या दिवशी यंत्राची चार्जिंगची पिन आत गेली. हा या मालाचा ठरलेला दोष आहे. पोरं वायर तिरकी ओढतात, आणि ती पिन आत नुसत्या सोल्डरच्या डागावर उभी असते. दुकानात परत येणाऱ्या दहातल्या सहा-सात तक्रारी याच्याच. होलसेलवाला बदलून देत नाही, "सीलबंद माल, शेठ" म्हणतो. गिऱ्हाइकाला मी आठ दिवसांत बदलून देतो, तो तोटा माझा. घ्यायचंच असेल तर दुकानात पिन लावून बघा, बिल ठेवा, आणि खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, तरी बिनशिक्क्याचा माल बाजारात फिरतोच.

मी दुसरं यंत्र आणणार होतो. विसरलो. खोका कॉटखाली गेला आणि एका दुपारी ओवीने तो बाहेर ओढला. यंत्र मुकं. ती कार्डं घेऊन आजीकडे गेली.

माझी आई पाटण भागातली, सातवी शिकलेली, चष्मा कपाळावर. तिने एक कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "अगं बया, ह्यो काय इंचू हाय का काय?" लॉबस्टर होता. ओवी म्हणाली, "इंचू." आजी म्हणाली, "व्हय, इंचू. चावतोय बरं का! कडकडून चावतोय." ओवीने बोट मागे घेतलं. "चावतो." आजी: "तुला न्हाय चावत. कुणाला चावायचा?" ओवीने विचार केला. "बाबा." दोघी हसल्या. पुढचं कार्ड पीच, त्याला आजी पेरू म्हणाली, आणि मग मागच्या दारच्या पेरूची, पोपट तो कसा कुरतडतो याची पाच मिनिटं गोष्ट. ब्रॉकोलीला फ्लॉवर. पेंग्विनला तर कोट घातलेलं बदक. मग गाय आली. आजी म्हणाली, "ही कोण? आपली गाय. हंबाऽऽ." ओवी म्हणाली, "काऊ." आजीला यंत्राचं माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "काऊ? काऊ तिथं, खिडकीत. ही गाय. काऊ काय करतो? काव काव. आन् गाय?" ओवीने खिडकीकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि म्हणाली, "हंबा." तीन आठवडे अडकलेला प्रश्न सुटला. मी दारात उभा होतो, जेवायला आलेलो.

आता कुणी म्हणेल की लॉबस्टरला विंचू शिकवला. शिकवला. पुढे दुरुस्त होईल. त्या दुपारी अर्ध्या तासात वीसेक कार्डं झाली असतील आणि फेऱ्या मी मोजल्या नाहीत, पण ओवी सतत बोलत होती. यंत्राबरोबर दहा मिनिटांत चाळीस कार्डं व्हायची आणि तोंडातून एक आवाज निघायचा नाही.

मात्र डब्यातून आलेला शब्द शिकताच येत नाही, असंही मी म्हणणार नाही. कारण माझ्या काउंटरवरच दुसरा एक बोलणारा डबा आहे, पैसे आल्याचं सांगणारा. "पन्नास रुपये प्राप्त झाले." शनिवारी बायकोला काम असलं की ओवी दुकानात माझ्याजवळ असते. एका शनिवारी घरी कुकरची शिट्टी झाली आणि पोरगी ओरडली, "आये?" आम्हाला कळेना. पुन्हा शिट्टी, पुन्हा "आये?" आणि माझ्याकडे बघत थांबली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात डबा बोलला की मी गिऱ्हाइकाला विचारतो, "आले?" गिऱ्हाईक म्हणतं, "आले बघा." दिवसातून शंभर वेळा. ओवीने डब्याचं "प्राप्त" उचललंच नव्हतं. डबा वाजल्यावर माणसं एकमेकांना काय म्हणतात ते उचललं होतं, आणि आता शिट्टी वाजली म्हणून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "आले बघा." तिला एवढं बरं वाटलं की विचारू नका. पुढे महिनाभराने "लुपये" पण आलं.

मोबाईलच्या बाबतीत माझा समज होता की प्रश्न फक्त तिच्या हातातल्या मोबाईलचा आहे. माझ्या हातातला कामाचा. त्यावर अमेरिकेतलाच एक प्रयोग आहे, २०१७ चा, जेसा रीड, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिन्कॉफ यांचा. आयांनी दोन वर्षांच्या पोरांना दोन नवीन शब्द शिकवायचे. एक शब्द सलग, आणि दुसरा शिकवताना मध्येच फोन येणार, आई अर्धा मिनिट फोनवर. शब्द कानावर किती वेळा पडला ते दोन्हीकडे सारखंच. तरी पोरं शिकली ती सलग शिकवलेला, फोन आलेला नाही. हे वाचल्यावर मला खिडकीपुढे उभी असलेली ओवी आठवली. तेव्हापासून मी घरात शिरलो की मोबाईल फ्रिजवर ठेवतो. रोज जमत नाही. होलसेलवाले रात्री नवाला भाव पाठवतात.

दुसरा आकडा ऑस्ट्रेलियाचा, २०२४ चा. २२० घरं, पोरं एक वर्षाची असल्यापासून तीन वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक दिवस पोराच्या अंगावर छोटं रेकॉर्डर, सोळा तास. तीन वर्षांच्या वयाला स्क्रीनच्या दर जास्तीच्या मिनिटामागे मोठ्यांचे ६.६ शब्द कमी, पोराचे ४.९ आवाज कमी, आणि फेरी १.१ कमी. त्या वयाला सरासरी स्क्रीन १७२ मिनिटं. दुकानदार म्हणून मी लगेच गुणाकार केला: दिवसाला अकराशेवर शब्द आणि १९० च्या आसपास फेऱ्या. आमचंही गाडं तीन तासांचंच होतं, म्हणजे खतावणीत साधारण तेवढीच तूट. अर्थात यावरून स्क्रीनच शब्द खाते असं सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात इतकंच. ज्या घरात आई-बाप दमलेले आहेत तिथे बोलणं कमी आणि मोबाईल जास्त असणारच, कशामुळे काय ते वेगळं काढणं अवघड. मला स्वतःला सांगायचं तर दोन्ही खरं होतं, आम्ही दमलेलेही होतो आणि मोबाईलही होता.

व्हिडिओ कॉल बंद केला नाही. ओवीचा मामा मस्कतला असतो. तो रविवारी फोन करतो आणि तिच्याशी खरंच बोलतो, "चमचा दाखव, कुठाय चमचा?" ती दाखवते, तो "अरे वा, चमचा!" म्हणतो. समोरचा माणूस पोराला बघून उत्तर देत असेल तर दोन-अडीच वर्षांची पोरं व्हिडिओ कॉलवरूनही नवीन शब्द शिकतात, असं २०१४ च्या एका प्रयोगात दिसलंय. तोच माणूस आधी रेकॉर्ड करून दाखवला तर नाही.

आज ओवी सत्तावीस महिन्यांची आहे. शब्द लिहायचं आम्ही नव्वदच्या पुढे सोडून दिलं. "काऊ गेला", "बाबा दुकान", "नको इंचू" अशी जोडवाक्यं येतात. श्रेय कुणाचं? मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की उशिरा बोलणारी बरीच पोरं आपोआपही गाडी पकडतात, आणि काहींना मदत लागते. कोण कुठला ते आधी कळत नाही, म्हणून वाट बघत बसायचं नाही. तेव्हा हे आजीमुळे, मॅडममुळे की वयामुळे, मी छातीठोक सांगणार नाही. यंत्रामुळे नाही, एवढं सांगतो.

आजीच्या मालिका? त्यावर घरात बोलणी झाली. आठची एक राहिली, बाकी बंद. आई चार दिवस माझ्याशी तुटक वागली.

तर रिव्ह्यू. खेळणं म्हणून पाचपैकी तीन. पिन धड असती तर साडेतीन. प्रवासात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत पंधरा मिनिटं पोर गुंतवायला मोबाईलपेक्षा केव्हाही बरं. शब्द वाढवायचं साधन म्हणून एक, तोही कार्डांना. नुसती कार्डं हवी असतील तर साधा चित्रांचा तक्ता माझ्याकडे चाळीस रुपयांना आहे, त्यात म्हैस आहे, बैलगाडीही आहे. आता काउंटरवर कुणी दबक्या आवाजात विचारलं, तर मी आधी विचारतो, "कान तपासलेत का?" मग सांगतो की खोका घ्या हवा तर, पण खाली बसून तुम्हीपण खेळा आणि पोराचं बोलून होईपर्यंत थांबा. परवा एका बाईंनी हे ऐकून खोका परत ठेवला आणि तक्ता घेतला. ३८० चे ४० झाले. बायको म्हणते, असंच चाललं तर दुकान लवकर बंद होईल.

आमच्या खोक्यातली कार्डं काल मोजली. ११२ पैकी ९७ शिल्लक आहेत. हेलिकॉप्टर फ्रिजखाली आहे, ते दिसतं पण निघत नाही. दोन कार्डं कावळ्याला खायला म्हणून खिडकीतून गेली. गाय बायकोच्या बँकेच्या पर्समध्ये सापडली. आणि लॉबस्टर आजीच्या पोथीत खूण म्हणून आहे. रोज संध्याकाळी पोथी उघडली की ओवी लांबूनच विचारते, "इंचू आये?" आणि आई म्हणते, "आला बघ."